मागचं पाऊल

सोनकांबळे सरांच्या पाया पडणं सोपं नव्हतं. समोरचा माणूस वाकायला लागला की सर मागे सरकायचे. त्याचे हात जमिनीपर्यंत पोचेपर्यंत सरांचे पाय तिथून निघून गेलेले असायचे आणि वरून आवाज यायचा, "काय हरवलं रे खाली?" लोहा तालुक्यातल्या एका गावात त्यांनी गणित शिकवलं, तिथेच मुख्याध्यापक झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. शाळेत म्हणे नियमच होता. जो वाकेल त्याने एकोणिसाचा पाढा म्हणायचा. त्यामुळे त्या भागात आजही पन्नाशीला टेकलेले काही शेतकरी, दुकानदार आणि तलाठी असे आहेत, की ज्यांना बाकी गणित आठवत नसलं तरी एकोणिसाचा पाढा येतो.

हे मला हळूहळू कळत गेलं. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांना पार्किन्सन्स होऊन बरीच वर्षं झाली होती. मी फिजिओथेरपिस्ट. नांदेडला त्यांच्या घरी एक दिवसाआड सकाळी जायचे. पत्नी वारल्यानंतर सर त्या घरात एकटेच राहत. सकाळी एक मावशी येऊन भाकरी-भाजी करून जायच्या. मुलगी, सुषमाताई, लातूरला बँकेत नोकरीला होत्या. मला नेमलं त्यांनीच, फोनवरून, आणि जे सांगायचं ते पहिल्याच फोनमध्ये सांगून टाकलं.

"हे बघा, ते आधी पडलेत. कसे पडले ते सांगत नाहीत. आता अजून एकदा पडले की मी त्यांना लातूरला आणणार. घराला कुलूप. तसं त्यांना सांगून झालंय."

सरांनाही ते पक्कं माहीत होतं. पहिल्या दिवशी मी बॅगेतून पट्टा आणि मोजायची टेप काढत होते, तेव्हा पलंगावर बसून ते म्हणाले, "म्हणजे मी पडायचं न्हाई, हे तुमचं काम."

"हो सर."

"आणि पडलो तर तुमचं काही जात न्हाई. माझं नांदेड जातं."

त्यांचा चेहरा फारसा हलायचा नाही. या आजारात तसं होतं. आवाजही बारीक आणि सपाट झालेला. त्यामुळे त्यांनी विनोद केला, तर तो विनोद होता हे मला फाटकातून बाहेर पडताना कळायचं. मी इंग्लिश मीडियमची, हे त्यांनी माझ्या पहिल्या दोन वाक्यांतच ओळखलं आणि मला मिस म्हणायला लागले. "तुमच्यात बाईंना मिस म्हणतेत ना? मग मिसच." मला कमी बोलायची सवय आहे, ती त्यांना सोयीची वाटत असावी. वर्गात एक तरी गप्प पोरगी लागतेच, असं ते म्हणायचे.

सकाळची गोळी घेतल्यावर थोडा वेळ बरा जायचा. तेवढ्यात सगळं उरकायचं. खुर्चीतून उठणं, वळणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. गोळीचा असर उतरला की पाय फरशीला चिकटायचे, आणि नेमके दारातच. मोकळ्या खोलीत चालणारा माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन खिळायचा. अंग पुढे जायचं, पाय मागे राहायचे. मी फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलला जातो.

सरांनी पट्ट्यांकडे बराच वेळ पाहिलं. "रेघ दिसली तर उचलतो, दार दिसलं तर न्हाई?"

"हो सर."

"हुशार पोरासारखं करून राहिला की हा मेंदू. अवघड गणित सोडवतो अन् सोप्यात चुकतो."

चालताना बोलायचं नाही, हा माझा दुसरा नियम. एका वेळी एकच काम. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. उभा जन्म त्यांनी बाकांच्या रांगांमधून फिरत शिकवलेलं. पण ते नियम पाळणारे होते. त्यामुळे पलंगापासून दारापर्यंत जायला आम्हाला फार वेळ लागायचा. थोडं चालायचं, थांबायचं, एक वाक्य पूर्ण करायचं, मग पुढे. एप्रिलचं ऊन खिडकीतून आत सरकत यायचं. कूलरचा पत्रा खडखडायचा. मी घड्याळाकडे न पाहण्याचा प्रयत्न करायचे. हा आजार उतरणीचाच आहे हे त्यांना माहीत होतं, मलाही. व्यायामाने तो मागे फिरत नाही, फक्त उतरण जरा लांबते. तेच तेच करून आम्ही दोघंही दमायचो आणि दमलो असं कोणीच म्हणायचं नाही.

तोल तपासायची एक पद्धत आहे. पेशंटच्या मागे उभं राहून त्याचे खांदे मागे ओढायचे, आणि पडलाच तर धरायला तयार राहायचं. धडधाकट माणूस एखादं पाऊल मागे टाकतो आणि थांबतो. सर थांबले नाहीत. बारीक, घाईची पावलं टाकत ते मागे मागे येत राहिले, शेवटी माझ्यावर टेकले तेव्हा थांबले. पुढे जाताना त्यांना थोडाफार ब्रेक होता. मागे जाताना अजिबात नव्हता.

"आता मागे पाऊल टाकायचंच नाही, सर," मी म्हटलं. "दार उघडताना बाजूला सरकायचं. कपाटासमोर बाजूने उभं राहायचं. काही झालं तरी मागे नाही."

"हाव," ते म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.

आधी कसे पडलात, हे मी विचारत राहायचे. उत्तर दर वेळी वेगळं. चप्पल सरकली. फरशी ओली होती. कुत्रं आडवं आलं. खरं कारण मी एका सकाळी फाटकाशी पाहिलं.

आम्ही अंगणात चालत होतो. रस्त्यावर एक बुलेट थांबली आणि खाकीतला एक दणकट हवालदार उतरून आत आला. "जय भीम सर! ओळखलं का?" असं म्हणत तो वाकला सुद्धा. आणि सर मागे सरकले. ते मी तुम्हाला कसं सांगू? तो ठरवून घेतलेला निर्णय नव्हता. तापलेल्या तव्यावरून हात जसा उडतो तसे त्यांचे पाय उडाले. एक पाऊल, आणि मग ती बारीक पावलं, एकामागून एक, थांबायचं नावच नाही. मी धावले. माझ्याआधी भिंतीने त्यांना धरलं. डोकं मीटरच्या पेटीपासून थोडक्यात वाचलं.

हवालदाराला यातलं काही दिसलंच नाही. तो खालीच होता. उठून त्याने दोन्ही हात मागे बांधले आणि हसत हसत सुरू केलं, "एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस…"

सर भिंतीला पाठ लावून उभे होते. रंग उडालेला, ओठ कोरडे. हवालदार मध्येच अडखळला तेव्हा त्या बारीक आवाजात म्हणाले, "पुढं." त्यांनी तो पाढा शेवटपर्यंत ऐकून घेतला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "सर, तुम्ही असे पडता."

मी सुषमाताईंना कळवलं. माझं ते कामच होतं. त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "मला काय नवीन सांगता? तिथं गल्लोगल्ली त्यांचे विद्यार्थी आहेत. ते वाकणार, आणि हे कुणाला हात लावू देणार नाहीत. म्हणून तर लातूर म्हणते. इथं त्यांना ओळखणारं कोणी नाही."

पुढच्या खेपेला मी धीर करून म्हटलं, "सर, नुसतं उभं राहिलं तर? पडू द्या पाया. त्यांनाही बरं वाटतं."

सरांनी चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरली होती, तरी ती वाजत होती. ती खाली ठेवून ते सांगायला लागले. मुखेडकडच्या एका गावात त्यांचं बालपण गेलेलं. वडील मोठ्या घरच्या शेतावर राबायचे. त्या घरापुढे आले की चपला काढून हातात घ्यायच्या, ओट्याशी जायचं आणि जमिनीला कपाळ लागेपर्यंत वाकायचं. ओट्यावरचा माणूस कधीकधी पेपर वाचत असायचा. त्याचं वाचून होईपर्यंत वडील तसेच. लहानगे सर मागे उभं राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहायचे.

"वडील लई वाकले, मिस," ते म्हणाले. "आमच्या घरचा कोटा त्यांनीच संपवून टाकला. म्हणून मी वाकत न्हाई. आता मी वाकत न्हाई तर दुसऱ्याला कसं वाकू देऊ? तसं गणित बसत न्हाई."

हा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. मग दुसरा रस्ता शोधला. माणूस वाकायच्या आधीच आपण हात पुढे करायचा, शेकहँडला. एक पाय पुढे, वजन पुढच्या पायावर, हात लांब. हात पुढे गेला की अंग पुढे राहतं आणि समोरच्यालाही वाकता येत नाही. मी दारातून आत यायचे, विद्यार्थी व्हायचे, वाकल्यासारखं करायचे. पण सरांचा हात उठायला वेळ लागायचा. तो थरथरत, अडखळत वर येईपर्यंत मी खाली पोचलेली असायचे.

"तुम्ही फार पटकन वाकता, मिस. आमच्या पोरांची पोटं सुटलीत. तेवढा वेळ मिळतो आपल्याला."

ते मनापासून करायचे. मी नसताना कपाटाच्या आरशासमोर करायचे, असं मावशी सांगायच्या. "सर येकटेच आरशाला हात देऊन ऱ्हायलेत," म्हणून त्या आधी घाबरल्या होत्या. हळूहळू जमायला लागलं. भाजीवाल्याशी जमलं, समोरच्या मेडिकलवाल्याशी जमलं. तेव्हापासून ते पडले नाहीत. सुषमाताईंचे फोन थोडे मऊ झाले.

मे महिन्यात गजानन आला. लोह्याजवळच्या त्याच गावचा, पाटलांच्या घरचा मुलगा, आता खताचं दुकान चालवणारा. त्यांच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा ठरला होता. आता गावोगाव असे मेळावे होतात. व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघतो, सगळ्यांचे एका रंगाचे सदरे शिवतात, जुन्या शिक्षकांना बोलावून फेटे बांधतात. आणि बऱ्याच ठिकाणी शिक्षकांना खुर्चीत बसवून, परातीत त्यांचे पाय ठेवून, ते धुतातही.

"सर, तुमी फकस्त खुर्चीवर बसायचं. पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकून राहिलो आम्ही."

"पाकळ्या टाका, दूध टाका. त्यात माझे पाय न्हाई यायचे."

"अवो सर, सगळ्या गुरुजींचे धुणार. तुमचेच न्हाई धुतले तर लोक आम्हालाच शिव्या देतील."

"एकोणिसाचा पाढा म्हण."

गजानन हसला. मग त्याच्या लक्षात आलं की सर हसत नाहीयेत. निदान तसं दिसत नव्हतं. "बरं ऱ्हायलं, सर. पाय धुणं न्हाई, पाया पडणं न्हाई. सगळ्या पोरांना सांगतो. शब्द आहे आपला. पण या तुमी."

सुषमाताईंनी फोनवर साफ नाही म्हटलं. "पप्पा, तिथं पडलात तर मी तिथूनच लातूरला आणीन, नांदेडला परत नाही, सांगून ठेवते." सर ऐकत होते. मग म्हणाले, "आणि न्हाई पडलो तर लातूरचं नाव पुन्हा काढायचं न्हाई." "फिजिओ सोबत जाणार असतील तर जा," ताई म्हणाल्या.

आम्ही गजाननच्या गाडीतून गेलो. शाळेच्या पटांगणात मांडव, मोठाले कूलर, माईकची शिट्टी. मी स्टेजवर सरांच्या मागे जड टेबल लावून घेतलं, म्हणजे मागे जायला जागाच राहणार नाही. दुपारची गोळी पर्समध्ये होती. बाकीच्या गुरुजींचे पाय धुऊन झाले. सर तेवढा वेळ मांडवाच्या छताकडे बघत बसले. मग ते बोलायला उठले. बसून बोला, असं संयोजकांनी सुचवलं. "बसून मी कधी शिकवलं न्हाई," ते म्हणाले, आणि माईकजवळ उभं राहून बोलले. आवाज इतका बारीक की कूलर बंद करावे लागले. घामाने निथळत सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर ती पोटं सुटलेली मुलं एकेक करून आली आणि शब्द दिल्याप्रमाणे हात पुढे करून उभी राहिली. सरांचा हात वर येईपर्यंत थांबली. एकही वाकला नाही.

सगळं नीट झालं होतं. मी सुषमाताईंना तसा मेसेजही केला.

जेवायला जाताना, मांडवाच्या कडेला, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आमच्यासमोर आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी. गजाननचे वडील. ते सकाळपासून घरीच होते. पोरांना दिलेली ताकीद त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती, आणि त्यांना ताकीद द्यावी असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. पाटलांच्या घरचा ऐंशीच्या पुढचा माणूस कोणासमोर वाकेल, हे कोणाला सुचणार?

"मास्तर," ते म्हणाले, "माझ्या मंगलचं लगीन ठरवलं व्हतं मी. तुमी घरी येऊन भांडलाव म्हणून पोरगी शिकली. आज संभाजीनगरला मोठी नर्स हाय. मी येवढ्या वर्षांत कदी बोललो न्हाई तुमाला."

आणि त्यांनी काठी बाजूला टाकली आणि वाकले.

मी शेजारीच होते. सरांचं कोपर माझ्या हातात होतं. माझ्या हातातून ते निसटलं कसं, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. सरांचा हात पुढे आलाच नाही. पाय मागे गेले. मागे टेबल नव्हतं, भिंत नव्हती, मांडवाची नुसती कनात होती. ते कनातीसकट पडले.

नांदेडच्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. गजानन जिन्यात बसून रडत होता. सुषमाताई लातूरहून आल्या. घरी जाऊन त्यांनी फ्रिज रिकामा केला, गॅस बंद केला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

गुंगी उतरल्यावर सरांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, नांदेडबद्दल काही म्हणतील.

"त्यांनी वाकायला नको होतं," ते म्हणाले. "केवढं वय त्यांचं. काठी पण टाकून दिली. पडले असते म्हणजे?"

काही महिन्यांनी मी कामासाठी लातूरला गेले होते, तेव्हा त्यांना भेटायला गेले. नवी वसाहत, लिफ्टची इमारत. सर वॉकर धरून चालत होते. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण आजार पुढे गेला होता. मान आणखी झुकली होती. घरात प्रत्येक दारासमोर पट्ट्या लावल्या होत्या, मी लावलेल्यांपेक्षा सरळ. ताईंनी त्या फूटपट्टी घेऊन लावल्या असाव्यात.

"कसं आहे सर लातूर?"

"लई सुरक्षित," ते म्हणाले. "हितं मला कोणी ओळखत न्हाई."

विनोद होता की काय, ते मला या वेळी बाहेर पडल्यावरही कळलं नाही.

त्यांच्या फिरायला जायच्या वेळी मीही निघाले. आम्ही तिघं लिफ्टसमोर उभे होतो. सरांच्या सँडलचा पट्टा सुटला होता. ताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्या वाकल्या. सरांची टाच लगेच उचलली गेली, मागे जायला.

"पप्पा, थांबा. पट्टा लावतेय नुसता."

टाच हवेत राहिली. ते डोलले. एक हात वॉकरवर होता. दुसरा, तो थरथरणारा, त्यांनी खाली नेला आणि ताईंच्या डोक्यावर टेकवला. टाच जमिनीवर आली.

शेजारच्या बाई भाजी घेऊन जिन्याने वर येत होत्या. बघून म्हणाल्या, "वा काका, लेकीला आशीर्वाद का?"

"न्हाई," सर म्हणाले. "आधार घेऊन राहिलो."

बाई हसून निघून गेल्या. लिफ्ट आली, उघडली आणि कोणी आत न गेल्याने पुन्हा बंद झाली. पट्टा केव्हाच लागला होता. ताई तरीही काही वेळ तशाच वाकून राहिल्या. डोक्यावरचा हात थरथरत होता, त्यांचे केस विस्कटत होते. सर त्यांना उठ म्हणाले नाहीत, आणि मागेही सरकले नाहीत.